नवी बाजू

टेलरकाकांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोर एका जाडजूड गृहस्थाची पॅंट होती, तेव्हा पुतण्याची बायको गाळ्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बाबा तुम्हाला भेटायचं म्हणतायत."

काकांना उत्तर देता आले नाही. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाने फक्त मान हलवायची असते, आणि ती हलवावी की नाही हेही त्यांना ठरवता येईना. हातातली टाचणी त्यांनी दुमडलेल्या कापडात खुपसली, ती थेट गृहस्थाच्या पोटरीत गेली.

"काका, पॅंट आखूड करायचीय, पाय नाही," गृहस्थ म्हणाला.

बाबा म्हणजे तिचे सासरे. टेलरकाकांचे सख्खे थोरले भाऊ. जुन्या बाजारपेठेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोघा भावांचे बोलणे बंद होऊन इतकी वर्षे लोटली होती की या सुनेने दोघांना एका छपराखाली कधी पाहिलेच नव्हते. तिचे येणेजाणे मात्र होते. मुलांचे गणवेश, नवऱ्याच्या पॅंटी घेऊन ती मॉलच्या तळघरातल्या या गाळ्यावर यायची आणि घरी कोणी विचारले तर 'बाजारात गेले होते' म्हणायची. ते काही खोटे नव्हते.

गृहस्थ कपडे बदलून गेला, तेव्हा तिने निरोप नीट सांगितला. सोमवारी पहाटेच्या गाडीने बाबांना मोठ्या दिरांकडे पोचवायचे होते. आता ते तिकडेच राहणार. इकडचे जिने त्यांना चढवत नाहीत. हे ठरल्यापासून ते गप्पगप्पच होते. काल जेवता जेवता एकदम म्हणाले, रविवारी सकाळी धाकट्याला भेटून घेतो. नव्या बाजूला, दाराशी थांब म्हणावं.

"मी म्हटलं, गाळ्यावरच जा ना. तर म्हणाले, गाळ्यावर जाणार नाही."

"दादा मॉलमध्ये येणार?"

"नव्या बाजूला. दोनदा विचारलं मी."

ती गेल्यावर काका बराच वेळ मशीनवर नुसता हात ठेवून बसले. मॉलमधली माणसे त्यांना टेलरकाका म्हणत, घरी बायको 'अहो' म्हणे. धाकटा म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता.

दोघे भाऊ बाजारपेठेत वडिलांच्या दुकानात वाढले. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. मास्तरांची कात्री म्हणजे एक घाव दोन तुकडे. खडूची रेघ एकदाच ओढायची, पुसायची नाही. माया सोडण्यात मात्र हात सढळ. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया; माणूस अंगाने भरला की शिवण उसवायची आणि ती सोडायची. मास्तरांनी बेतलेला कोट सडपातळ बापाने घालावा आणि पुढे जाड्या मुलालाही व्हावा, असे लोक म्हणत. ग्राहक मापाला उभा राहिला की मास्तर आकडे बोलायचे आणि पलीकडे मशीनवर बसलेला धाकटा, मान वर न करता, ते पाठ करायचा. दोघांना कधी काही लिहून ठेवावे लागले नाही.

त्या काळी शहराबाहेर, बसचा मार्ग संपायचा तिथे, विटांच्या भट्ट्या होत्या. भट्ट्या विझल्या आणि त्या मोकळ्या रानावर पत्र्याच्या छपराची एक लांबच लांब इमारत उभी राहिली. आत किराणा, चपलांचे दुकान, रेडीमेड कपड्यांचे मोठे दुकान आणि एक सरकता जिना. तो जिना पाहायला लोक घरून डबे घेऊन यायचे. वर जायचे, आणि मग खाली कसे यायचे म्हणून भांबावायचे. कारण जिना वर जाणाराच होता, उतरणारा बसवायचा राहिला होता.

"चार दिवसांचं खूळ," मास्तर म्हणाले होते. "एवढ्या लांब कोण माप द्यायला जातंय?"

माप द्यायला कोणी गेले नाही, हे खरेच. पण माप द्यायची गरजच उरली नाही. बाजारपेठेत गिऱ्हाईक विरळ होत गेले, मशीन दुपारपर्यंत झाकलेले राहू लागले. आणि एक दिवस त्या रेडीमेड दुकानाच्या मालकाने धाकट्याला बोलावणे पाठवले. लोक पॅंटी घेतात, पण कोणाला लांब होतात, कोणाला कमरेत ढगळ. एक माणूस हवा होता.

धाकट्याने थोरल्याला सांगितले, आपण दोघे जाऊ. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"मी काय करू तिथे? दुसऱ्यानं कापलेलं तू आखूड करणार, आणि मी खडू घेऊन बघत बसू?"

आखूड करण्याच्या कामात कापणाऱ्याला खरोखरच जागा नसते. शिवणाऱ्याचे कापणाऱ्यावाचून चालून जाते. कापणाऱ्याला शिवणारा नसेल, तर त्याने कापलेले तुकडे नुसते तुकडेच राहतात. हे दोघांनाही कळत होते, आणि दोघांनीही ते बोलून दाखवले नाही. बोलले असते तर कदाचित काही मार्ग निघाला असता. धाकट्याने मशीन हातगाडीवर चढवले तेव्हा मास्तर दाराबाहेर आले आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "त्या पत्र्याच्या पेटाऱ्यात मी जन्मात पाय ठेवणार नाही. तूही इकडे फिरकू नकोस. संपलं."

रेघ एकदा ओढली की पुसायची नाही, हे त्यांचे कापडापुरते नव्हते.

मॉल वाढत गेला. पहिल्या इमारतीला लागून दुसरी झाली. तिला काचेचे छप्पर, मधोमध कारंजे. साहजिकच काम करणारी माणसे पहिलीला जुनी बाजू म्हणू लागली आणि दुसरीला नवी बाजू. काकांना नव्या बाजूला, कारंज्यासमोर, स्वतःचा गाळा मिळाला. मग सिनेमाची इमारत झाली. मग रस्ता ओलांडून पूल गेला आणि त्या टोकाला आणखी दुकाने झाली. त्या भागाला नाव पडले 'पलीकडे'. मालकांनी दालनांना फुलांची नावे दिली होती, पण ती पाट्यांवरच राहिली. शेवटी, आता दोन वर्षांपूर्वी, ती पत्र्याच्या छपराची जुनी बाजू आतून पूर्ण पोखरून नव्याने बांधली. संगमरवर, आपोआप उघडणारी दारे, छतातून सोडलेले दिवे. शहरभर तिचे फलक लागले. तोवर नव्या बाजूचे छप्पर गळू लागले होते आणि कारंजे बंद पडून त्यात कुंड्या ठेवल्या होत्या. म्हणजे जुनी बाजू सगळ्यात नवी आणि नवी बाजू सगळ्यात जुनी, असा प्रकार झाला. नव्याने लागलेला रखवालदार पहिले काही दिवस डोके धरून बसायचा. "नवी बाजू कुठली?" "ती जुनाट दिसते ना, ती." मग हळूहळू तोही तसेच बोलू लागायचा. या सगळ्या हलवाहलवीत काकांचा गाळा तळघरात गेला, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, जिन्याच्या तोंडाशी. तिथेही गिऱ्हाईक येई. माणसांची उंची आणि पॅंटची लांबी यांचे काही केल्या जमत नाही.

दरम्यान बाजारपेठेतले दुकान मिटले. ते काकांना तिसऱ्याकडून कळले. जाऊन यावे असे त्यांना अनेकदा वाटले. पण 'फिरकू नकोस' म्हणणाऱ्याने 'ये' म्हणायला हवे, असे ते स्वतःला सांगत. शिवाय गेलो आणि दारातून परत पाठवले तर? तेवढ्या अपमानाला ते भ्यायचे. असे करता करता घोंगडे भिजत पडले ते पडलेच.

शनिवारी संध्याकाळी काकांनी कपाटातून कोट काढला. त्यांच्या लग्नासाठी मास्तरांनी बेतलेला. तो पोटावर बसेना. त्यांनी पाठीची शिवण उसवली. यापूर्वी दोनदा सोडूनही आत अजून बोटभर माया शिल्लक होती. ती सोडून त्यांनी शिवण पुन्हा घातली, इस्त्री फिरवली.

"थांबणार कुठे तुम्ही?" बायकोने विचारले.

काकांचा दिवसभर त्याच प्रश्नावर खल चालला होता. दादा म्हणाला नवी बाजू. पण दादाने मॉलमध्ये कधी पाऊल टाकलेले नाही. त्याला आमच्या आतल्या नावांची काय कल्पना? त्याने रस्त्यावरचे फलक पाहिले असतील. नवी म्हणजे त्याच्या लेखी ती नव्याने बांधलेली, चकचकीत. फाटकाशी कुणालाही विचारले तरी लोक तिकडेच बोट दाखवतील. आणि आपण जर आपल्या सवयीने त्या गळक्या छपराखाली जाऊन बसलो, तर तो बिचारा भलत्याच दारात ताटकळायचा.

"म्हणून जुन्या बाजूला थांबतो," ते म्हणाले.

"ते नव्या बाजूला म्हणाले, तर तुम्ही जुन्या बाजूला जाणार?"

"अगं, जुनी म्हणजे नवीच ती."

"सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच आहे तुम्हाला. मी सांगते, गाळा उघडा ठेवा नि तिथेच बसा. चुकलेमाकले तर विचारत विचारत येतील गाळ्यावर."

"गाळ्यावर येणार नाही म्हणालाय तो."

"म्हणाले," बायको म्हणाली, आणि तिने इस्त्री उचलून जागेवर ठेवली.

रविवारी काकांनी गाळ्याचे शटर उघडलेच नाही. वर 'आज बंद' अशी पाटी अडकवली. दादा येणार त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या पॅंटीत डोके घालून बसणे त्यांना बरे वाटेना. कोट घालून ते जुन्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार त्यांना पाहून उघडले, ते सरकले तसे मिटले, पुन्हा उघडले. शेवटी रखवालदार म्हणाला, "काका, जरा बाजूला उभे राहा. दाराला कळत नाहीये तुम्ही येताय का जाताय."

ते बाजूला झाले.

"आज नटूनथटून? कुणाची वाट बघताय?"

"भावाची."

"तुम्हाला भाऊ आहे?"

काका दाराकडे पाहू लागले. रखवालदाराला आपण काही चुकीचे विचारले असे वाटले असावे. त्याने स्वतःची खुर्ची आणून दिली. काका बसले नाहीत. दादा येईल तेव्हा आपण बसलेले दिसू नये. उभ्या उभ्या ते वाक्ये जुळवत राहिले. 'दादा, मी यायला हवं होतं.' नको, पहिल्याच वाक्याला ते फार होईल. 'दादा, जिने चढवत नाहीत म्हणे तुला.' हे बरे. मग कोट दाखवायचा. 'बघ, अजून होतो.' दादा कोटाला हात लावील, पाठीची शिवण बोटांनी चाचपील, 'सरळ नाही' म्हणेल. मग बोलायला विषय होईल.

लोकांचे लोंढे येत होते. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे काका पाहत. दोनदा तर चार पावले पुढेही गेले. दुपार झाली. काचेतून येणारे ऊन दारापासून मागे सरकत गेले. काकांच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि हळूहळू त्यांच्या मनात राग भरू लागला. शेवटी नाहीच आला. माझी फजिती करायची होती. किंवा निघताना पाय अडखळला असेल. तोच जुना हेका. बरे झाले गेलो नाही कधी, असेही त्यांना वाटले, आणि असे वाटल्याचे जरा समाधानही वाटले.

परत जायचा रस्ता नव्या बाजूवरून होता. कारंज्यातल्या कुंड्यांपाशी सफाईवाली मावशी छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली सरकवत होती. ही बाजू झाली तेव्हापासून ती इथेच.

"टेलरकाका? तुम्ही रजेवर ना आज?" तिने विचारले. "सकाळी खाली गेले होते, तर पाटी दिसली. एकजण तुमची चौकशी करत होते. त्या दाराशी कधीचे उभे होते. मग मीच बसा म्हटलं."

"कोण?"

"नाव नाही माहीत. पूर्वी यायचे ना ते, उंच, वाकलेले. तुमचा गाळा इथे होता तेव्हा."

काकांना समजेना. मावशीने कुंड्यांमागच्या बाकाकडे बोट केले. त्या बाकावर बसायचे, ती म्हणाली. दुपारचे यायचे, थोडा वेळ बसायचे, जायचे. कितीतरी वर्षे. कधी काही घ्यायचे नाहीत. तिला आधी वाटले होते, घरात कोणी बोलत नसेल बिचाऱ्याशी. गाळा खाली गेल्यावर यायचे बंद झाले.

"तुम्ही आपले सदा भिंतीकडे तोंड करून मशीनवर. मी एकदा म्हटलंसुद्धा त्यांना, टेलरांशी काम आहे का, हाक मारू? तर म्हणाले, नको. कामात आहे तो."

काका बाकाकडे पाहत राहिले. गाळा होता तिथे आता शीतपेयांचे यंत्र होते.

"आज काय म्हणाले?"

"टेलर येणार होते, आले नाहीत का, म्हणाले. मी सांगितलं, आज रजा आहे त्यांची, गाळा बंद आहे." मावशी थांबली. "चुकलं का माझं काही?"

"नाही," काका म्हणाले. "तुझं काय चुकलं."

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती. बाबा मघाशीच आले, जेवले नाहीत, पेटी बांधून तिच्यावरच बसलेत. "तुम्ही गेला नाहीत का, काका? मी दोनदा सांगितलं होतं ना?" काकांनी फोन दादाला द्यायला सांगितला. पलीकडे श्वास ऐकू आला.

"दादा, मी आलो होतो," काका म्हणाले. "सकाळपासून उभा होतो. जुन्या बाजूला. मला वाटलं, तू तिकडे येशील. मला वाटलं, तुला नवी बाजू ठाऊक नसेल."



काकांच्या ओठांवर पुढचे वाक्य होते. तू यायचास ते मला कळलं, दादा. एवढेच. पण ते म्हणायचे म्हणजे, शेजारपाजाऱ्यांसमोर बोललेला शब्द तू मोडलास, तोही चोरून, असे त्याच्या तोंडावर म्हणायचे. ते थांबले. दादाने आपणहून सांगावे, म्हणून थांबले.

"मला कसं ठाऊक असणार?" मास्तर म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण शब्द एकेक, तोलून. "मी कधी आलोय तिथे? आजच काय तो पहिल्यांदा आलो. भलत्या दाराशी उभा राहिलो असेन. माझंच चुकलं."

"नाही दादा, तुझं नाही..."

"नवख्या माणसाचं होतं असं."

"मी आत्ता येतो घरी. तासाभरात पोचतो."

"आता नको. पहाटे गाडी आहे, पडतो जरा." मग थोड्या वेळाने, "मशीन चालू आहे ना?"

"आहे."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि फोन सुनेच्या हातात गेला.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलली, "नको म्हणाले म्हणून काय झालं, जा." काकांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले. दादा नको म्हणाला तेव्हा खरेच नको होते, की आपण ऐकू नये म्हणून म्हणाला? पडला असेल तर उठवायचे कसे? आणि गेल्यावर बाकाचा विषय निघालाच तर? त्यांनी चपला काढल्या. थोड्या वेळाने पुन्हा घातल्या. बायको स्वयंपाकघरातून आवाज ऐकत होती. तिने पाहायला डोके बाहेर काढले नाही. अंधार पडला तेव्हा चपला कोपऱ्यात होत्या, आणि ते खिडकीशी कोटाच्या गुंड्या काढत उभे होते.

सोमवारी गाळा उघडताच त्यांनी आधी मशीन ओढून काढले. ते भिंतीकडे तोंड करून असे, कारण दिवा त्या भिंतीवर होता आणि उजेड थेट सुईवर पडे. काकांनी ते पुरते फिरवले आणि जिन्याकडे तोंड करून लावले. वायर पुरेना, म्हणून जोड लावला. स्टूल मागे सरकवून ते बसले, तेव्हा दिवा पाठीमागे राहिला आणि त्यांची स्वतःचीच सावली मशीनवर पडली.

शेजारचा किल्लीवाला हे सगळे पाहत होता. "काका, उजेड अडवलात की. दोरा ओवता येतोय का तरी?"

"येतोय," काका म्हणाले.

त्यांनी दोऱ्याचे टोक ओठांनी ओले केले. जिन्यावर पावले वाजली. काकांनी मान वर केली, येणाऱ्याला पूर्ण खाली उतरू दिले, आणि मग सावलीत पुन्हा सुईचे नेढे शोधू लागले.